मोटारींतील हातोडी

२६ जुलै २००५ रोजीं मुंबईवर जो पाऊस कोसळला तो त्या शहरांतील कोणतेंहि कुटुंब अद्याप विसरलेलें नाहीं. सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, म्हणजे तीन फुटांहून अधिक, पाऊस मोजला गेला. रस्त्यांचे ओढे झाले आणि त्या ओढ्यांत असंख्य मोटारी जागच्या जागीं उभ्या राहिल्या. त्या दिवशीं जे प्राणास मुकले त्यांत कांहीं माणसें अशीं होतीं कीं, त्यांना पुरानें वाहून नेलें नव्हतें, अथवा त्यांच्या अंगावर दरड कोसळली नव्हती. तीं स्वतःच्याच मोटारींत, दारें-खिडक्या बंद असतांना, गुदमरून गेलीं. पुढें चौदा वर्षांनीं, २०१९ च्या जुलैच्या आरंभीं, मालाडच्या भुयारी मार्गांत पाणी तुंबलें असतां त्यांत एक मोटार सांपडली, आणि आंतील दोघे जण बाहेर पडूं न शकल्यामुळें बुडाले.

अशी वार्ता ऐकणाऱ्याच्या मनांत जो पहिला प्रश्न उभा राहतो तो अगदीं साधा असतो. मोटारीला चार दारें असतात, चार खिडक्या असतात, पुढें एक व मागें एक अशा दोन मोठ्या कांचा असतात. मग शुद्धीवर असलेल्या धडधाकट माणसाला यांपैकीं एकहि वाट कां मोकळी करतां येऊं नये? या प्रश्नाचें उत्तर शाळेंतील पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत आहे, आणि तें प्रत्येक मोटारवाल्या कुटुंबानें एकदां तरी शांतपणें समजून घेणें अवश्य आहे.

प्रथम दाराचाच हिशेब करूं गेल्यास असें दिसेल. मोटारीचें दार सुमारें एक मीटर रुंद आहे असें धरावें. बाहेर पाणी दाराच्या खालच्या कडेपासून एक फूट, म्हणजे तीस सेंटिमीटर, चढलें आणि आंत तें अद्याप शिरलें नाहीं, तर त्या दारावर बाहेरून सुमारें पंचेचाळीस किलो वजनाइतका दाब पडतो. पाणी दोन फूट चढलें कीं हा दाब दुप्पट होईल असें सामान्य माणसास वाटतें. परंतु तो चौपट होतो, कारण खोली वाढतांच भिजलेला भागहि वाढतो आणि प्रत्येक भागावरील दाबहि वाढतो. म्हणजे दोन फुटांस सुमारें एकशें ऐंशीं किलो. पाणी एक मीटर चढलें म्हणजे तोच आंकडा पांचशें किलोंवर जातो. दार बिजागरीवर फिरत असल्यामुळें मोकळ्या कडेशीं जोर लावणाऱ्यास यांच्या निम्मा भार पेलावा लागतो हें खरें. तथापि बसलेल्या स्थितींत, एका हातानें, दोनशें किलोंहून अधिक भार ढकलणारा मनुष्य विरळा. पाणी घोट्याशीं होतें तेव्हां जें दार लहान मुलालाहि उघडलें असतें, तें मांडीपर्यंत पाणी आल्यावर पहिलवानालाहि दाद देत नाहीं.

दारानें निराशा केली म्हणजे खिडकीकडे वळावयाचें. हल्लींच्या मोटारींत खिडकीची कांच हातानें फिरवून खालीं न करतां विजेच्या बटणानें करतात. पाणी शिरतांच हें बटण निकामी होईल अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु मोटार पाण्यांत पडल्यावर कांहीं काळ तें बहुधा चालू राहतें, म्हणून सर्वांआधीं तेंच दाबून पाहावें. अडचण निराळीच येते. पाणी कांचेच्या उंचीपर्यंत चढलें म्हणजे बाहेरचा दाब कांचेला तिच्या खांचेंत असा आवळून धरतो कीं, मोटार चालू असली तरी तावदान खालीं सरकत नाहीं. याचा अर्थ असा कीं, खिडकी उघडण्याचा काळहि ठराविक असतो.

तो काळ किती असतो याचा अभ्यास कॅनडांतील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेक्ट यांनीं केलेला आहे. त्यांनीं मोटारी मुद्दाम पाण्यांत सोडून, त्यांत स्वतः बसून, त्या कशा बुडतात हें पाहिलें. त्यांच्या अनुभवाप्रमाणें पाण्यांत पडलेली मोटार एकदम तळाशीं जात नाहीं. ती अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंत तरंगत राहते, आणि सुटका बहुधा याच वेळांत, त्यांतहि पहिल्या मिनिटांत होते. म्हणून त्यांनीं एक क्रम घालून दिला आहे: पट्टे सोडावे, खिडक्या उघडाव्या किंवा फोडाव्या, मुलांना आधीं बाहेर काढावें, आणि लगोलग स्वतः निघावें. दूरध्वनी करून मदत बोलवावयाची ती बाहेर पडल्यावर. त्या एका मिनिटांत संभाषण करणें म्हणजे तें मिनिट खर्ची टाकणें होय.

खिडकी उघडत नसेल तर ती फोडावी लागते, आणि येथें हत्याराचा प्रश्न येतो. परंतु हत्यार निवडण्यापूर्वीं कांच ओळखली पाहिजे, कारण मोटारींतील सर्व कांचा एका जातीच्या नसतात.

पहिली जात कठीण केलेल्या, म्हणजे टफन्ड अथवा टेम्पर्ड, कांचेची. साधी कांच सहाशें अंशांहून अधिक तापवून तिच्या दोन्ही अंगांवर थंड हवेचे झोत सोडतात. त्यामुळें पृष्ठभाग आधीं निवून घट्ट होतो, आणि आंतला भाग मागाहून निवतांना आकसूं पाहतो. परिणामीं पृष्ठभाग कायम दाबलेल्या स्थितींत आणि गाभा कायम ताणलेल्या स्थितींत राहतो. ही ओढाताण समतोल आहे तोंपर्यंत अशी कांच साध्या कांचेच्या चार-पांच पट बळकट असते. परंतु पृष्ठभाग भेदून चीर गाभ्यापर्यंत पोंचली कीं सारी कांच एका क्षणांत हरभऱ्याएवढ्या बोथट दाण्यांत विखरून जाते. सतराव्या शतकांत युरोपांत प्रिन्स रूपर्टचे थेंब म्हणून एक चमत्कार दाखवीत. वितळलेल्या कांचेचा थेंब गार पाण्यांत टाकून बनविलेलें तें खेळणें डोक्यावर हातोडा बसला तरी फुटत नसे, आणि शेंपटीचें टोंक मोडतांच त्याची भुकटी होई. त्या खेळण्याचें आणि खिडकीच्या कांचेचें मर्म एकच आहे. या कांचेवर जोर थोडा चालेल, पण तो सुईच्या अग्राएवढ्या जागीं पडला पाहिजे. मुठीचा किंवा बुटाचा आघात रुंद जागेवर पसरतो आणि कांच नुसती लवून परत फिरते.

दुसरी जात जोडकांचेची, जिला लॅमिनेटेड म्हणतात. दोन कांचांमध्यें प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवून ती बनवितात. एदुआर बेनेदिक्तुस नांवाच्या फ्रेंच रसायनज्ञानें हिचें पेटंट १९०९ सालीं घेतलें. ही कांच तडकते, तिच्यावर कोळ्याचें जाळें उमटतें, परंतु ती फुटून पडत नाहीं, कारण मधला पापुद्रा तुकडे धरून ठेवतो. मोटारीची समोरील कांच याच जातीची असते, आणि म्हणून संकटांत तिच्यावर आघात करीत बसणें व्यर्थ आहे.

वीस वर्षांपूर्वीं बाजूच्या खिडक्यांबद्दल इतका विचार करण्याचें कारण नव्हतें. त्या बहुतेक कठीण केलेल्या कांचेच्याच असत. परंतु अपघातांत माणूस खिडकींतून बाहेर फेंकला जाऊं नये यासाठीं अमेरिकेंत २०११ सालीं एक नियम झाला, आणि त्याची पूर्तता करण्याकरितां, तसेंच आंत रस्त्याचा गोंगाट कमी यावा म्हणून, कित्येक कारखानदार बाजूच्या खिडक्यांनाहि जोडकांच बसवूं लागले. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन या संस्थेनें २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत २०१८ च्या नमुन्यांच्या गाड्यांपैकीं सुमारें तिसऱ्या हिश्शाच्या गाड्यांत अशी कांच आढळली. त्याच संस्थेनें बाजारांतील सहा सुटकेचीं हत्यारें घेऊन तीं पारखलीं. कठीण केलेली कांच सहांपैकीं चारांनीं फोडली. जोडकांच एकालाहि भेदतां आली नाहीं. जी गोष्ट एका सुरक्षिततेसाठीं केली तीच दुसऱ्या प्रसंगीं आड येते, असा हा पेंच आहे.

म्हणून हत्याराच्या दुकानांत जाण्यापूर्वीं मोटारीच्या मालकानें स्वतःच्या गाडीभोंवतीं एक फेरी घालावी. प्रत्येक कांचेच्या खालच्या कोपऱ्यांत कारखान्याची बारीक खूण असते. तींत पुष्कळदां टेम्पर्ड, टफन्ड किंवा लॅमिनेटेड हा शब्दहि असतो. खूण उमगली नाहीं तर गाडीबरोबर मिळालेलें पुस्तक पाहावें किंवा विक्रेत्यास विचारावें. सहाहि कांचा तपासाव्या, कारण पुढच्या दारांना जोडकांच आणि मागच्या दारांना कठीण केलेली कांच असाहि प्रकार असतो. कोणती खिडकी फुटणारी आहे हें त्या दिवशीं कुटुंबांतील प्रत्येकाला दाखवून ठेवावें. पाण्यांत सांपडल्यावर ही खूण वाचीत बसण्यास कोणालाहि सवड मिळत नाहीं.

आतां हत्यारांकडे पाहूं गेल्यास त्यांचे मुख्य प्रकार दोनच आहेत. एक हातोडी, जिचें टोंक कठीण पोलादाचें किंवा टंगस्टन कार्बाइडचें व निमुळतें असतें. लांब पल्ल्याच्या बसगाड्यांत खिडकीशेजारीं जी लाल हातोडी अडकविलेली दिसते ती याच कुळांतली. दुसरा प्रकार स्प्रिंगच्या पंचाचा. कारखान्यांतील कारागीर लोखंडावर भोंक पाडण्यापूर्वीं खूण उठविण्यासाठीं जो सेंटर पंच वापरतो त्याचेंच हें भावंड होय. कांचेवर टेकवून दाबलें कीं आंतील स्प्रिंग सुटते आणि टोंक फटकन् आदळतें. हातोडीला हात मागें नेऊन फटका मारावयास जागा लागते. चार माणसें दाटीनें बसलेल्या मोटारींत ती जागा नसते, आणि पाण्याखालीं तर फिरणाऱ्या हाताचा वेगच मरतो. पंचाला जागा लागत नाहीं आणि पाण्यानें त्याच्या स्प्रिंगला बाध येत नाहीं; शिवाय ज्यांच्या मनगटांत फारसा जोर नाहीं अशा वृद्धांना व मुलांनाहि तो चालवितां येतो. वरील पाहणींतहि पंचच अधिक गुणकारी ठरले. म्हणून घरासाठीं एकच वस्तु घ्यावयाची झाल्यास पंच घ्यावा.

दोहोंपैकीं कांहींहि घेतलें तरी त्याला पट्टा कापण्याचें पातें असलेंच पाहिजे. तें खांचेंत दडविलेलें असावें, म्हणजे घाईंत बोटें कापली जाणार नाहींत. ज्या वस्तूला विजेरी, भोंगा, होकायंत्र अशी जत्रा चिकटविलेली असते तिच्या मोहांत पडण्याचें कारण नाहीं. टोंक कठीण आहे काय, पातें धारदार आहे काय आणि ओल्या हातांत मूठ घट्ट बसते काय, एवढेंच पाहावें. शंका असल्यास भंगारवाल्याकडून मोटारीच्या दाराची एखादी टाकाऊ कांच आणावी, ती जाड चादरीखालीं धरून डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे घालून मोठ्या माणसानें एकदां फोडून पाहावी. त्या एका प्रयोगानें जो विश्वास येतो तो जाहिरात वाचून येत नाहीं. पुष्कळ लोक आसनावरील मान टेकण्याची उशी उपसून तिच्या सळ्यांनीं कांच फोडावी असें सांगतात. ती उशी या कामासाठीं बनविलेली नसते. ती उपसण्यास वेळ लागतो, आणि दाटींत ती फिरवितां येत नाहीं. तिच्या भरंवशावर हत्यार घेणें टाळूं नये.

यानंतरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची असून तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातें. २००५ च्या पावसानंतर मुंबईंतील पुष्कळ गृहस्थांनीं मोटारींत हातोडी ठेवण्यास आरंभ केला. परंतु ती ठेवली कोठें? कोणाची डिकींत, स्टेपनीच्या शेजारीं. कोणाची समोरच्या खणांत, कागदपत्रांच्या व जुन्या पावत्यांच्या खालीं. मोटार पाण्यांत पडली किंवा उलटली म्हणजे आंतील प्रत्येक सुटी वस्तु स्थान सोडते. डिकींतील हातोडी त्या क्षणीं घरीं विसरून आलेल्या हातोडीहून अधिक उपयोगाची नसते. हत्याराची जागा अशी असावी कीं, पट्टा बांधलेल्या स्थितींत, न वाकतां, डोळे मिटून हात तेथें पोंचेल: दाराच्या बाजूस, दोन आसनांच्या मध्यें, किंवा चालकाच्या समोर खिळवून बसविलेल्या खोबणींत. गोंदाच्या पट्टीनें चिकटविलेलें असल्यास अधूनमधून ओढून पाहावें, कारण उन्हांत उभ्या राहणाऱ्या मोटारींत गोंद सुटूं शकतो. मागच्या आसनावर मुलें किंवा वृद्ध बसत असतील तर मागेंहि एक असावें.

मग उपयोगाचा क्रम. सर्वांनीं पट्टे सोडावे. पट्टा अडकला असेल तर तो खांद्याजवळ ताणून धरून पातें तिरपें ओढावें. पाण्याच्या पातळीवर असलेली बाजूची खिडकी निवडावी. बहुतेक मोटारींचें यंत्र पुढें असल्यामुळें नाक आधीं बुडतें आणि मागचा भाग वर राहतो, हें ध्यानीं ठेवावें. पंच किंवा हातोडी कांचेच्या मध्यभागीं लावूं नये. तेथें कांच लवते. चौकटीजवळच्या कोपऱ्याशीं ती लवूं शकत नाहीं, म्हणून तेथेंच आघात करावा. त्या वेळीं तोंड वळवून डोळे मिटावे. कांच फुटतांच पाणी जोरानें आंत येईल. त्यानें दचकून मागें सरूं नये, तो प्रवाह अपेक्षितच आहे. कांचेवर उन्हाचा कागद चिकटविलेला असेल तर दाणे त्याला धरून राहतात आणि कांच फुटूनहि जागेवर लोंबत राहते. ती कोपरानें किंवा पायानें बाहेर लोटावी. मुलांत जें मोठें असेल तें आधीं मोकळें करावें, कारण तें स्वतः हलूं शकतें व धाकट्याला हात देऊं शकतें. धाकटें मूल मोठ्या माणसानें पुढें धरून बाहेर काढावें. पिशवी, दागिने, कागद यांकडे वळून पाहूं नये.

एखाद्या गाडीच्या सर्वच खिडक्या जोडकांचेच्या असतील तर बटणाची आणि दाराची घाई दुप्पट केली पाहिजे. मोटार पाण्यांत टेकतांच, पाणी कांचेस लागण्यापूर्वींच, कांच खालीं झाली पाहिजे. तेंहि न साधल्यास एकच शेवटचा मार्ग उरतो: जेथें हवा उरली असेल तेथें डोकें ठेवून, आंत-बाहेर पाणी सारखें होऊन दाब समान झाल्यावर दार उघडणें. हा मार्ग निरुपायाचा आहे. पाणी भरण्याची वाट पाहणें हाच उत्तम उपाय असें जें कित्येकदां सांगितलें जातें त्यावर विसंबून कोणीहि पहिलें मिनिट दवडूं नये.

हेंच हत्यार आणखीहि एका प्रसंगीं उपयोगी पडतें. भर उन्हांत बंद मोटारींत मूल अडकलें आणि किल्लीहि आंतच राहिली, असें घडतें. तेव्हां बाहेरून मुलापासून सर्वांत दूरची खिडकी, तशीच कोपऱ्याशीं, फोडावी. कांचेची किंमत मागाहून मोजतां येते.

ज्या घरीं मोटार आहे त्या घरानें मृगाच्या आधींच्या एका रविवारीं अर्धा तास यासाठीं काढावा. मोटार अंगणांत किंवा इमारतीच्या आवारांत उभी करावी, सर्वांनीं नेहमींच्या जागीं बसून पट्टे बांधावे, आणि एकानें हांक देतांच प्रत्येकानें डोळे मिटून हत्यार कोठें आहे तें हातानें दाखवावें; कोणतें बटण दाबावयाचें, कोणाला कोणी सोडवावयाचें, कोणत्या खिडकींतून निघावयाचें हें बोलून दाखवावें. आजीनेंहि बसावें, चालक ठेवलेला असल्यास त्यालाहि बसवावें. पहिल्या खेपेस हंशा पिकेल, दोन हात एकाच बटणावर जातील, आणि कोणाला तरी स्वतःचा पट्टा सुटणार नाहीं. तो गोंधळ अंगणांत झाला हेंच इष्ट. दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेस हात आपोआप जागेवर जातात. मुलांना ही उजळणी पाढ्यांसारखी पाठ होते, आणि पुढें बहुधा तींच वडिलांना तिची आठवण देतात.

आणि इतकें सारें केल्यावरहि एक विवेक उरतोच. वाहतें पाणी एक फूट असलें तरी लहान मोटारीस उचलून नेऊं शकतें, आणि दोन फूट असल्यास मोठ्या गाड्यांचीहि तीच गत होते. भुयारी मार्गाच्या तोंडाशीं पाणी दिसलें आणि त्याचा तळ दिसला नाहीं, तर पुढची गाडी गेली म्हणून मागची नेऊं नये. तेथूनच मागें फिरावें. यंत्र बंद पडून मोटार पाण्यांत उभी राहिली तर ओसरण्याची वाट पाहत, कांचा वर करून, आंत बसूं नये. दार उघडतें आहे तोंच सर्वांनीं उतरून उंच जागा गांठावी. पाणी घोट्याशीं असतां जो उतरला त्याला हातोडीची गरज पडत नाहीं, आणि त्याचे कपडे तेवढे भिजतात.